गौरीची डबल बेल

“बाई, कुठे उतरणार?” कंडक्टरने तिसऱ्यांदा विचारलं, आणि आईने तिसऱ्यांदा घंटा वाजवली.

घंटा देवघरातली होती, पितळेची, वर गरुड असलेली. ती आईच्या उजव्या हातात. डाव्या हातात तांब्याचं ताम्हन, त्यात नदीतले सात खडे, त्यांच्यावर खणाचा तुकडा. अंगावर हिरवं जरीचं पातळ, नाकात नथ आणि तोंडात पाण्याची चूळ. अशा थाटात माझी आई सिटी बसमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागच्या बाकावर बसली होती आणि सगळी बस तिच्याकडे बघत होती.

“मुक्या आहेत का हो या?” कंडक्टरने बसलाच विचारलं.

“मुक्या कशाला असतील? गौर घेऊन चालल्यात,” काळी टोपी घातलेले एक आजोबा म्हणाले. “खड्यांची गौर. नदीपासून घरापर्यंत एक शब्द बोलायचा नाही. तोंडात चूळ धरलेली असते.”

“मग तिकीट कसं फाडू मी? देवीला विचारू?”

आईने घंटा वाजवली.

“कर्वेनगर. दोन द्या,” मी मागून म्हणाले.

आईने वळून पाहिलं नाही. गौर आणणाऱ्या बाईने मागे वळूनही बघायचं नसतं. पण माझा आवाज तिने ओळखला. तिच्या हातातली घंटा एकदम गप्प झाली.

मी पुढे गेले आणि तिच्या शेजारी बसले. तिने मान न वळवता नुसते डोळे वळवले. ते आधी माझ्या चेहऱ्यावर आले, मग खाली पोटावर गेले आणि तिथेच राहिले. मला सातवा महिना होता. पदर कितीही ओढून घेतला तरी लपण्यासारखं काही नव्हतं, आणि तिच्यापासून मला ते लपवायचंही नव्हतं.

मी कुंदा. तिची एकुलती एक मुलगी. या गोष्टीला आता पस्तीसच्या वर वर्षं झाली. त्या दिवशी आम्ही दोघी चार वर्षांनी इतक्या जवळ बसलो होतो.

चार वर्षांपूर्वी मी माझ्याच ऑफिसातल्या यशवंत कांबळेशी लग्न केलं. आमच्या खांबेट्यांच्या घराला आडनाव ऐकूनच घाम फुटला. नाना, म्हणजे माझे वडील, ओरडणारे गृहस्थ नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणारी माणसं दमतात तरी. नानांनी शांतपणे चष्मा पुसला आणि आईला सांगितलं, “हिच्याशी एक शब्द जरी बोललीस, तरी माझं मेलेलं तोंड बघशील.” मी तिथेच उभी होते. आई माझ्याकडे बघत राहिली, आणि बोलली नाही ती नाहीच. पुढे नानांना हृदयाचा झटका येऊन गेला. त्यातून ते उठले, पण आईच्या मनात ती शपथ पक्की रुतून बसली. मी एकदा शेजाऱ्यांकडे फोन केला होता. आई आली, माझा आवाज ऐकला आणि फोन कानाला लावून नुसती उभी राहिली. शेवटी मीच ठेवला.

त्या बसमध्ये मी काही योगायोगाने चढले नव्हते. गौरी येण्याचा दिवस मला ठाऊक होता. सात वर्षांची असल्यापासून आमच्या घरी गौर मीच आणायची. ओंकारेश्वरापाशी नदीवर जायचं, खडे वेचायचे, चूळ भरायची आणि घंटा वाजवत मुक्याने घरी यायचं. उंबऱ्यात आई माझे पाय दुधापाण्याने धुवायची, कुंकवाने पावलं काढायची आणि मग गौरीला सगळं घर दाखवायची. प्रत्येक खोलीत विचारायची, “गौरी, गौरी, काय दिसतं?” मी म्हणायचं, “उदंड.” एका वर्षी स्वयंपाकघरात मी “करंज्या दिसतात” म्हणाले, तर नानासुद्धा हसले होते.

मी गेल्यावर आणायला मुलगी उरली नाही, म्हणून आईच जायला लागली. मधे त्यांनी पेठेतली जागा सोडून कर्वेनगरला फ्लॅट घेतला, पण नानांना खडे नदीच्या त्याच घाटावरचे हवे असायचे. बांधकामाच्या ढिगाऱ्यातली खडी गौर म्हणून चालणार नव्हती आणि रिक्षा करणं नानांच्या रक्तात नव्हतं. त्यामुळे आमची गौर बसने येत असणार हे मला घरात पाऊल न टाकताही कळत होतं.

आणि मी मुद्दामच तो दिवस निवडला. एरवी आई माझ्याशी बोलली नसती, तर ते न बोलणं माझ्या वाट्याचं असतं. त्या दिवशी ते गौरीच्या वाट्याचं असणार होतं. तेवढ्यावर मी समाधानी होते.

“आई,” मी म्हणाले, “तू बोलू नकोस. मी बोलते, तू ऐक.”

तिने समोर बघत घंटा मांडीवर आडवी धरली.

“येत्या रविवारी आम्ही बडोद्याला चाललो. यशवंतला तिथे चांगली नोकरी लागलीय. पुण्यातलं बिऱ्हाड हलवतोय.”

ती ऐकत होती. कानातली कुडी तेवढी बसबरोबर हलत होती.

“तिकडे माझ्या ओळखीचं काळं कुत्रं नाही. सासूबाई चांगल्या आहेत, त्या येतो म्हणतायत. पण आई, पहिली वेळ आहे. मला भीती वाटते. रात्री झोप लागत नाही. तू ये ना. दहाच दिवस ये. नानांना काय सांगायचं ते सांग, काशीला चालले म्हणून सांग.”

आईने हातातलं ताम्हन माझ्या मांडीवर ठेवलं. तिला समोरचा दांडा धरायचा असेल, कारण बस डेक्कनच्या वळणावर भलतीच कलली होती. पण वळण संपलं तरी तिने ते उचललं नाही. माझ्या पोटाला टेकून सात खडे बसले होते, आणि आतून बाळाने पाय मारला की खणाचा तुकडा जरा हलायचा. आईचं लक्ष त्यावरच होतं.

“येशील का?” मी विचारलं. “नुसती मान हलव. मानेला काही शपथ घातलेली नाही नानांनी.”

मी तिच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात बस खड्ड्यात गेली, आणि बसमधल्या यच्चयावत माणसांच्या माना हलल्या. आजोबांची टोपी खाली पडली. आईचीही मान हलली. ती हो म्हणून हलली, नाही म्हणून हलली की खड्ड्यामुळे, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

“आई, पुन्हा एकदा हलव. मला नीट दिसलं नाही.”

पुढचा स्टॉप आला. तिथे तोबा गर्दी होती. गणपतीचे दिवस, जो तो पिशव्या घेऊन निघालेला. मागच्या दाराशी रेटारेटी झाली, तेव्हा कंडक्टर खाली उतरला आणि रांग लावू लागला. “आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या! ओ काका, केळीचा घड आडवा धरू नका!” त्याचा आवाज आम्हाला पुढेपर्यंत ऐकू येत होता.

मी आईचा हात धरला. चार वर्षांनी धरला. हात तसाच होता, खरखरीत आणि गरम. “मला माहीत आहे तुझी अडचण,” मी म्हणाले. “पण मी कोणाकडे बघू?” आणि मला रडू फुटलं.

आईचा दुसरा हात चटकन वर आला. त्या हातात घंटा होती.

टण, टण.

त्या काळच्या बसमध्ये छताला दोरी असे आणि तिच्या टोकाला ड्रायव्हरच्या डोक्याशी एक घंटी. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आमचा ड्रायव्हर आज्ञाधारक माणूस होता. पाठीमागे दोन टोले पडलेले ऐकताच त्याने गिअर टाकला आणि बस निघाली.

“अरे ए! ए! थांब!” मागून आरोळी आली.

सगळी बस मागे वळून बघू लागली. खांद्याला कातडी पिशवी लावलेला आमचा कंडक्टर, एका हातात तिकिटांची पेटी आणि दुसऱ्या हातात कोणाचा तरी केळीचा घड घेऊन, कर्वे रोडवरून बसच्या मागे धावत होता. त्याच्या मागे घडाचा मालक धावत होता.

“कंडक्टर राहिला! कंडक्टर राहिला!” लोक ओरडले. कोणीतरी दोरी ओढली, पण एकदा ओढून त्याचं समाधान झालं नाही, म्हणून त्याने लगेच दुसऱ्यांदा ओढली. ड्रायव्हरला पुन्हा डबल मिळाली. त्याने वेग वाढवला.

एवढ्या गोंधळात एकटी आई मागे बघत नव्हती. नियम तो नियम. ती ताठ मानेने समोरच्या काचेकडे बघत बसली होती, आणि तिच्या कपाळावर घाम आला होता. आमचा स्टॉप समोरून येऊन मागे गेलासुद्धा.

शेवटी आजोबांनी पुढे येऊन ड्रायव्हरच्या खांद्यावर छत्रीचा दांडा हाणला, तेव्हा कुठे बस बाजूला उभी राहिली. थोड्या वेळाने एक रिक्षा भर्रकन येऊन समोर आडवी लागली. तिच्यातून कंडक्टर उतरला. घामाने निथळत होता, बिल्ला उलटा झाला होता आणि केळीचा घड अजून हातातच होता.

“कोणी मारली?” तो पायरीवरूनच गरजला. “डबल कोणी मारली?”

हळूहळू सगळ्यांच्या नजरा आईकडे गेल्या, मग तिच्या हातातल्या घंटेकडे. आईने मुकाट्याने घंटा पदराखाली सरकवली, आणि सरकवताना ती पुन्हा वाजली.

कंडक्टर तिच्यासमोर येऊन उभा राहिला. “बाई, तुम्ही?”

“त्यांनी नाही,” आजोबा गंभीरपणे म्हणाले. “गौरीने वाजवली. माहेरी जायची घाई झाली असेल तिला.”

आधी एक बाई फिसकन हसली. मग तिच्या मागचा माणूस हसला. मग ड्रायव्हर, मग सगळी बस. कंडक्टरनेही हसू दाबायचा प्रयत्न केला, पण हातातल्या घडाकडे बघून त्यालाही राहवलं नाही. मला रडता रडता हसू आलं. मी आईकडे बघितलं.

आई हसत होती. ती हसली की तिचे डोळे मिटायचे आणि तोंड चांगलं उघडायचं, पुढचे दोन दात दिसायचे. तशीच हसत होती, पोट धरून, आवाज न करता.

तिच्या तोंडात चूळ नव्हती.

कधी गिळली होती कोण जाणे. बस खड्ड्यात गेली तेव्हा असेल, किंवा त्याच्याही आधी, मी मागून ‘कर्वेनगर’ म्हणाले तेव्हाच. गौरीचा नेम केव्हाच मोडला होता. ती कधीही बोलू शकली असती. मी एवढं विचारत होते, एवढी रडत होते, आणि तिचं तोंड रिकामं होतं.

मला दिसलं हे तिला समजलं. तिने तोंड मिटलं. पुन्हा ओठ घट्ट दाबले, चूळ धरल्यासारखे गालही जरा फुगवले. माझं हसू कुठल्या कुठे गेलं होतं, आणि तिचंही.

“उतरा मावशी इथेच,” कंडक्टर मवाळ होऊन म्हणाला. “स्टॉप मागे राहिला तुमचा. आणि देवीला माझा नमस्कार सांगा, पण पुढच्या वर्षी घंटेला फडकं गुंडाळा.”

आम्ही उतरलो आणि परत मागे चालू लागलो. आई पुढे घंटा वाजवत चालली होती. ताम्हन माझ्या हातातच राहिलं होतं. तिने मागितलं नाही, मी दिलं नाही. म्हणजे त्या वर्षीही आमच्या घरची गौर मीच आणली, फाटकापर्यंत. वाटेत मी एक शब्द बोलले नाही. गौर हातात असताना बोलायचं नसतं हे मला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं होतं, आणि बोलण्यासारखं जे होतं ते मी बसमध्ये बोलून चुकले होते.

फाटकाशी आई थांबली. तळमजल्याचा फ्लॅट, दारावर नानांच्या अक्षरातली पाटी. मी ते घर तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. आईने दोन्ही हात पुढे केले. मी ताम्हन दिलं. तिने ते घेतलं आणि खणाचा तुकडा काढून माझ्या पोटावर, पदराच्या आत खोचला. मग वळली आणि सरळ आत गेली. मागे बघितलं नाही.

तिचे पाय धुवायला आत दुसरं कोणी नव्हतं. तिचे तिनेच धुतले असतील.

मी परत फिरणार, तोच बाहेरच्या खोलीची खिडकी धाडकन उघडली. दोन्ही झडपा भिंतीवर आपटल्या. आणि मला आईचा आवाज ऐकू आला.

“आलीस का गं बाई?” आई म्हणत होती. “दमलीस का? ऊन लागलं का?”

चार वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. थोडा बसल्यासारखा झाला होता.

“ही बाहेरची खोली. इथे हे बसतात. पेपर वाचतात, वाचून झाला तरी वाचतात. गौरी, गौरी, काय दिसतं? उदंड.”

“किती मोठ्याने बोलतेस?” नानांचा आवाज आला. “गौर बहिरी आहे का?”

“लांबून आलीय,” आई म्हणाली. “तिला ऐकू जायला हवं.”

पुढची खिडकी उघडली. मी भिंतीच्या कडेकडेने तिच्याखाली गेले. खिडक्या माझ्या डोक्याच्या वर होत्या, मला आतलं काही दिसत नव्हतं.

“हे स्वयंपाकघर. ओटा मला उंच पडतो, पाटावर उभी राहते. तुला बरोबर होईल. डबे सगळे जुनेच आहेत. गौरी, गौरी, काय दिसतं? उदंड.”

मग मागच्या बाजूची खिडकी उघडली. ती घट्ट बसलेली असावी, दोनतीनदा ढकलावी लागली. मी वळसा घालून तिच्याखाली जाऊन उभी राहिले.

“ही मागची खोली,” आई म्हणाली. “इथे कोणी राहत नाही. पेठेतल्या घरातलं तुझं सामान सगळं इथे आहे. काही टाकलेलं नाही. उजेड चांगला येतो. वारा अंगावर येत नाही. बाळंतिणीला अशीच खोली लागते.”

“गौरीला काय करायचीय बाळंतिणीची खोली?” नाना.

“बाईमाणूस आहे. तिला कळतं.” आणि मग आई थांबेचना. “थंड पाण्यात हात घालायचे नाहीत. शेक रोज घ्यायचा, कंटाळा करायचा नाही. डिंक तळताना तूप हात राखून घालायचं नाही. कानाला रुमाल बांधायचा. पोटाला पट्टा आवळून बांधायचा. दूध येत नाही वाटलं तर घाबरायचं नाही, मलाही तीन दिवस आलं नव्हतं. आणि रडायचं नाही हं. डोळे जातात.”

मी भिंतीला टेकून उभी होते. येणारं माणूस हे सगळं असं आधी सांगून टाकत नाही. आल्यावर स्वतःच्या हाताने करतं. तेव्हा मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

ती आली नाहीच. बडोद्याला मला मुलगी झाली, सासूबाईंनी पोटच्या लेकीसारखं माझं केलं, आणि मी शेक घेतला, कानाला रुमाल बांधला, सगळं तिने सांगितलं तसं केलं. नुसतं शेवटचं तेवढं जमलं नाही. पुढच्या गौरी यायच्या आत आई गेली. नाना त्यानंतर बरीच वर्षं होते. आई गेल्याचं मला तिचे दिवस घालून झाल्यावर कळलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी खिडकीखाली उभी होते आणि वर आईचा आवाज एकदम बारीक झाला होता.

“गौरी, गौरी, काय दिसतं?”

मी वाट बघितली. या वेळी तिने पुढचा शब्द म्हटला नाही.

“अगं म्हण की पुढे,” नाना म्हणाले. “थांबलीस का?”

“गौरी, गौरी,” आईने पुन्हा विचारलं, आणि तिचा आवाज फाटला, “काय दिसतं?”

माझ्यासमोर कुंपणाची भिंत होती. तिच्यावर शेवाळ आलं होतं आणि मोरीच्या पाइपातून पाणी ठिबकत होतं. मी दोन्ही हात पोटावर ठेवले.

“उदंड,” मी म्हणाले. मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्याने म्हणाले.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“कोण बोललं?” नानांनी विचारलं. “कोण बोललं गं?”

“गौर बोलली,” आई म्हणाली.